गाडीआधी प्लग: रोजच्या ये-जा करायला छोटी इलेक्ट्रिक कार घेताय?

छोटी इलेक्ट्रिक कार रोजच्या वापराला चालेल का, असं कुणी विचारलं की बोलणं लगेच रेंजवर जातं. किती किलोमीटर चालते, मध्येच बंद पडली तर काय, बॅटरी किती वर्षं टिकते. हे प्रश्न रास्तच आहेत. पण पुण्या-ठाण्यात राहून रोज ठरलेल्या रस्त्यानं कामावर जाणाऱ्या माणसाचा निर्णय त्यांच्यावर अडत नाही. तो अडतो पार्किंगवर. तुमची गाडी रोज रात्री एकाच जागी उभी राहते का, आणि तिथे १५ अँपिअरचा एक प्लग बसू शकतो का? याचं उत्तर 'हो' असेल तर बाकीच्या बहुतेक अडचणींतून वाट निघते. 'नाही' असेल तर गाडी कितीही चांगली असली तरी रोज त्रास होईल. म्हणून हा लेख शोरूमपासून सुरू न करता घरापासून सुरू करतोय.

इथे छोटी इलेक्ट्रिक कार म्हणजे टाटा टियागो ईव्ही, एमजी कॉमेट किंवा फार तर पंच ईव्हीची लहान बॅटरीवाली आवृत्ती, असं धरलं आहे. ज्यांना २००१ साली बंगळुरात आलेली रेवा आठवते, त्यांच्या मनात छोट्या विजेच्या गाडीचं जे चित्र आहे ते आता बाजूला ठेवायला हरकत नाही. रेवात लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. आजच्या गाड्यांत लिथियम बॅटरी असते आणि तिच्यावर आठ वर्षांची वॉरंटी मिळते.

पायरी १: आपण खरंच किती फिरतो ते मोजा

आत्ताच्या गाडीचा ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि दोन आठवडे रोज रात्री आकडा लिहून ठेवा. स्कूटरवर किंवा बसनं जात असाल तर मोबाइलच्या नकाशावर अंतर बघा. सरासरी काढू नका. त्या दोन आठवड्यांतला सगळ्यात लांबचा दिवस कोणता, ते शोधा. ऑफिस, मग मुलांचा क्लास, मग मंडई, मग सासूबाईंना दवाखान्यात नेणं, हे सगळं एकाच दिवशी आलं तर किती होतं? कोथरूडहून हिंजवडीला जाऊन यायला साधारण चाळीस किलोमीटर होतात. त्यात इकडंतिकडं वीस-पंचवीस वाढवले तरी साठ-पासष्ट.

हा सगळ्यात लांबचा दिवस ८० किलोमीटरच्या आत असेल तर बाजारातली सगळ्यात लहान बॅटरीसुद्धा तुम्हाला पुरते. ८० ते १२० मध्ये असेल तर बॅटरीची मोठी आवृत्ती बघा. रोजच १२० च्या वर जात असाल, म्हणजे पुण्याहून रांजणगाव एमआयडीसीला जाऊन परत आणि वर शहरातली कामं, तर छोट्या गाडीच्या मागे लागू नका. थोडी मोठी बॅटरी घ्या.

पायरी २: प्लग

इथे घाई करू नका. गाडीचं बुकिंग या पायरीनंतरच.

आधी वीज किती लागते ते समजून घेऊ, कारण सोसायटीच्या बैठकीत हाच प्रश्न येणार आहे. बॅटरीची क्षमता ज्या केडब्ल्यूएचमध्ये सांगतात, तो एक केडब्ल्यूएच म्हणजेच आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. टियागोची छोटी बॅटरी १९.२ युनिटांची, मोठी २४ ची, कॉमेटची १७.३ ची. शहरात या गाड्या बॅटरीतल्या एका युनिटवर साधारण ८ किलोमीटर जातात. चार्जिंग करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवरचं एक युनिट म्हणजे ७ किलोमीटर धरा. चाळीस किलोमीटर फिरून आलात तर सुमारे सहा युनिटं भरायची. १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला तीनेक युनिटं जातात. म्हणजे दोन तास. गाडी तर रात्रभर उभीच असते. त्यामुळे भिंतीवर बसवायचा ७ किलोवॉटचा चार्जर घ्या, असा आग्रह सेल्समननं धरला तरी रोजच्या ये-जा करणाऱ्याला त्याची गरज नाही. ते पैसे वाचवा.

भार किती? २ किलोवॉटच्या साधारण दीड स्टोरेज गीझरएवढा. सोसायटीत साठ फ्लॅट असतील तर सकाळी सहा ते आठ एवढे गीझर एकदम चालतातच. सेक्रेटरींना हे असं समजावून सांगितलं की अर्धी भीती जाते.

आता वायर. महाराष्ट्रातल्या बहुतेक इमारतींत मीटर रूम तळमजल्यावर, पार्किंगच्या जवळच असते. म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून वायर खाली सोडायची गरज नसते. तुमच्या मीटरपासून तुमच्या पार्किंगच्या जागेपर्यंत स्वतंत्र वायर ओढता येते. बिल तुमच्याच मीटरवर येतं, सोसायटीच्या कॉमन मीटरशी संबंध येत नाही. हा मुद्दा अर्जात पहिल्या ओळीत लिहा, कारण बहुतेक वाद 'बिल कोण भरणार' यावरूनच होतात.

क्रम असा ठेवा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरपासून जागेपर्यंतचं अंतर मोजून घ्या. वायर कोणत्या मार्गानं जाईल याचं साधं रेखाचित्र करा. मग व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्या आणि सोबत हे रेखाचित्र जोडा. सगळा खर्च माझा, काम परवानाधारकाकडून, भिंतीला काही झालं तर दुरुस्ती माझी, असं स्पष्ट लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ना हरकत पत्र हातात आल्यावर महावितरणकडे (मुंबईत असाल तर तुमच्या भागातल्या वीज कंपनीकडे) मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) वाढवून मागा. वीजबिलावर मंजूर भाराचा आकडा छापलेला असतो, तो आधी बघून घ्या. जुन्या फ्लॅटांत तो फार कमी असतो. भार न वाढवता चार्जिंग सुरू केलं तर रात्री एसी आणि गाडी एकदम चालल्यावर एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत राहतो.

वायर तांब्याची, किमान ४ चौरस मिलिमीटरची घ्या. लाइन लांब असेल तर इलेक्ट्रिशियन सांगेल त्याप्रमाणे जाड. सॉकेट औद्योगिक दर्जाचं, झाकणाचं, छातीच्या उंचीवर. वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलाच पाहिजे. अर्थिंग मोजून घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर बऱ्याच गाड्यांचा चार्जर चालूच होत नाही, आणि मग नव्या गाडीतच दोष आहे असं वाटून माणूस सर्व्हिस सेंटरला हेलपाटे घालत बसतो. एक्स्टेंशन बोर्ड कधीही वापरू नका. घरातला बोर्ड काही मिनिटं इस्त्री चालवायला ठीक असतो, सलग पाच-सहा तास तेरा-चौदा अँपिअर ओढायला तो बनवलेलाच नसतो. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू करून तासाभरानं प्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा आणि सॉकेट बदलून घ्या.

दोन प्रकारच्या पार्किंगमध्ये हे सगळं अवघड होतं. एक, यंत्रानं वर-खाली होणारं स्टॅक पार्किंग. हलत्या पाळण्यावर पक्की वायर नेता येत नाही, त्यामुळे खालची कायमची जागा बदलून मिळते का ते विचारा. दुसरं, रस्त्यावरचं किंवा 'जो आधी येईल त्याचं' पार्किंग. इथे मी स्पष्ट सांगेन, थांबा. बाहेरच्या चार्जरच्या भरवशावर रोजची गाडी घेऊ नका. ऑफिसमध्ये चार्जिंगची हमखास सोय असेल तर गोष्ट वेगळी, पण ती सोय नोकरी बदलली की जाते हेही ध्यानात ठेवा.

भाड्यानं राहत असाल तर घरमालकाची लेखी संमती हवी. घर सोडताना सॉकेट आणि एमसीबी काढून नेता येतात, वायर तिथेच राहते.

पायरी ३: रेंजचा आकडा घरगुती भाषेत आणा

जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. तो खोटा नसतो, पण त्यात आपला एसी, आपले खड्डे आणि मागे बसलेले तिघं नसतात. माझा साधा हिशेब असा: जाहिरातीतल्या आकड्याचा दोन तृतीयांश धरा. टियागोची २४ युनिटांची आवृत्ती २०२२ मध्ये आली तेव्हा ३१५ किलोमीटर सांगितले होते, ते २१० धरा. छोट्या बॅटरीचे २५० सांगितले होते, ते १६५. कॉमेटचे २३०, म्हणजे १५० च्या आसपास.

त्यातलेही सगळे रोज वापरायचे नाहीत. ८० टक्क्यांपर्यंत भरायचं आणि १५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, असं धरलं तर हाताशी ६५ टक्के उरतात. कॉमेटला साधारण शंभर किलोमीटर, टियागोच्या मोठ्या बॅटरीला एकशे पस्तीस. पायरी १ मधला तुमचा सगळ्यात लांबचा दिवस याच्याशी ताडून बघा. आठ वर्षांनी बॅटरी एक चतुर्थांश खंगली असं धरलं, तरी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या फेरीला काही अडत नाही.

ट्रॅफिकची भीती अनेकांना वाटते. विद्यापीठ चौकात तासभर अडकलो तर बॅटरी संपेल का? इथे पेट्रोल गाडीची सवय आपल्याला फसवते. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना मोटर वीज खात नाही. खातो तो एसी, आणि कडक उन्हात त्याला तासाला साधारण एक युनिट लागतं. तासभर जागेवर उभं राहिलात तर सात-आठ किलोमीटर कमी होतील, बस्स. शिवाय थांबत-चालत जाताना ब्रेकमधून थोडी वीज परत बॅटरीत येते. पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज जिथे सगळ्यात वाईट पडतं, त्या घोडबंदर रोडसारख्या रस्त्यावर ही गाडी सगळ्यात शोभते.

उलट, मोकळ्या हायवेवर रेंज भराभर उतरते. १०० च्या वेगात हवेचा विरोध फार वाढतो. आणि घाटात चढाईची वीज वेगळी लागते. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. चार माणसांसह दीड टनाच्या आसपास वजन धरलं तर फक्त या चढाईला सव्वादोन ते अडीच युनिटं जातात. ४०-५० युनिटांच्या बॅटरीला हे जाणवत नाही, १७-१९ युनिटांच्या बॅटरीत मात्र त्यानं दहा टक्क्यांहून जास्त कमी होतं. उतरताना यातला बराचसा भाग परत मिळतो, पण बॅटरीत जागा असेल तरच. म्हणून लोणावळा किंवा महाबळेश्वरला मुक्काम असेल तर तिथून परत निघताना १०० टक्के भरून निघू नका. भरलेल्या बॅटरीत ब्रेकची वीज मावत नाही आणि उतारावर सगळा ताण साध्या ब्रेकवर येतो.

पायरी ४: पैशांचा हिशेब, स्वतःच्या आकड्यांनी

खालचे दर उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही स्वतःचे घाला. महिन्याला हजार किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये, शहरात ॲव्हरेज १५, म्हणजे किलोमीटरला जवळपास ७ रुपये, महिन्याला ७ हजार. सीएनजी ९० रुपये किलो, किलोला २२ किलोमीटर, म्हणजे ४ हजार १०० च्या आसपास. वीज: हजार भागिले सात, म्हणजे सुमारे १४३ युनिटं.

इथे एक खोच आहे आणि ती सगळ्यांच्या लक्षात येत नाही. महावितरणचा घरगुती दर स्लॅबनं वाढतो: शंभर युनिटांपर्यंत एक, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. गाडीची १४३ युनिटं घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात, त्यामुळे ती वरच्या दरानं मोजली जातात. घरचा वापर आधीच अडीचशे असेल तर गाडीची बरीचशी वीज ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये पडते, आणि तो दर पहिल्या स्लॅबच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणून 'रुपयात किलोमीटर' या जाहिरातीवर जाऊ नका. मी किलोमीटरला २ रुपये धरतो, महिन्याला २ हजार. घरचं बिल कायम वरच्या स्लॅबमध्ये जात असेल तर ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेता येतं का, त्याचा दर किती, ते वीज कंपनीच्या कार्यालयात विचारा. स्वतःचं घर आणि छत असेल तर सोलरचा विचार जरूर करा. एक किलोवॉटचं पॅनेल महिन्याला सरासरी १२० युनिटांच्या आसपास देतं, म्हणजे गाडीचा बहुतेक खर्च तिथेच भागतो.

बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी धरला, तर किलोमीटरला तीन रुपयांच्या पुढे जातं. म्हणजे सीएनजीच्या जवळ. शिवाय रांग, बिघडलेला चार्जर आणि तासभर थांबणं. घरच्या प्लगवर मी एवढा जोर देतो तो यासाठीच.

आता किमतीतला फरक. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी ऑन-रोड अडीच लाखांनी महाग असेल, तर किलोमीटरला ५ रुपये वाचवत तो फरक भरून यायला ५० हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार फिरणाऱ्याला चार वर्षं आणि थोडं वर. महिन्याला चारशेच फिरत असाल तर दहा वर्षं, मग पैसे वाचवायला म्हणून ही गाडी घेऊ नका. सीएनजीशी तुलना केली तर बचत किलोमीटरला दोनच रुपये उरते आणि हिशेब खूप लांबतो. सीएनजीच्या पंपावर रांग लावणं तुम्हाला नकोसं झालं असेल तर ते कारण पुरेसं आहे, पण ते पैशांचं कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा ५ टक्के आधीपासून आहे. त्यामुळे त्याआधी केलेली जुनी तुलना वाचत असाल तर ती बाजूला ठेवा.

सवलतींबद्दल थोडक्यात. कर्जाच्या व्याजावरची ८०ईईबी कलमाची आयकर सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, ती आता नाही. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानं मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी दिली आहे. नवी मुंबईहून अटल सेतूनं रोज मुंबईत जाणाऱ्याला ही रक्कम मोठी आहे, हिशेबात धरा.

पायरी ५: टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती नको

गाडी तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर, तुमच्या वेळेला न्या. मागच्या सीटवर घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवा. कॉमेट तीन मीटरपेक्षा आखूड आहे, सदाशिव पेठेच्या बोळात ती अशी वळते की मन खूश होतं. पण तिला दोनच दारं आहेत. आजी-आजोबांना मागे बसवायचं असेल तर रोज कसरत होईल. चाकं १२ इंचांची आहेत, खड्डा लगेच कमरेपर्यंत पोचतो. मागच्या सीट उभ्या असतील तर सामानाला जागा जवळपास नसतेच. एक-दोघांनीच जायचं असेल आणि घरात दुसरी गाडी असेल, तर शहरासाठी हिच्याइतकी सोयीची गाडी कमी. घरातली ती एकच गाडी असणार असेल तर टियागो किंवा पंच घ्या, हे माझं ठाम मत.

स्टेपनी आहे की फक्त पंक्चर किट, तेही विचारा. चार्जिंगचं तोंड कुठे आहे बघा आणि केबल तुमच्या सॉकेटपर्यंत पोचते का ते मोजा. कॉमेटचं तोंड पुढच्या बाजूला आहे, म्हणजे ती पार्किंगमध्ये नाक आत घालून लावायची की उलटी, हे सॉकेटच्या जागेवरून ठरेल. फास्ट चार्जिंग (सीसीएस-२) त्या आवृत्तीत आहे का, हे लेखी घ्या. टियागोला ते आहे, १० ते ८० टक्क्यांना सुमारे तासभर. रोजच्या वापरात लागणार नाही, पण अडीनडीला लागतं.

पायरी ६: पहिला महिना आणि पहिला पावसाळा

रोज प्लग लावायची गरज नाही, दोन-तीन दिवसांनी लावला तरी चालतो. पण पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा बुधवारी रात्री भरून ठेवायची सवय चांगली. महिन्यातून एकदा-दोनदा सावकाश १०० टक्के भरायला कंपनी सांगत असेल तर ते पाळा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत त्यामुळे टक्केवारीचा आकडा बरोबर राहतो. मे महिन्यात उन्हात तापलेली गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. बोनेटखाली पेट्रोल गाडीसारखी १२ व्होल्टची बॅटरी या गाड्यांतही असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. महिनाभर गावाला जाणार असाल तर हे लक्षात असू द्या.

टियागोची बॅटरी आयपी६७ दर्जाची आहे, म्हणजे चाचणीत ती एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून बघतात. पावसात चालवायला आणि झाकलेल्या सॉकेटवर चार्ज करायला काही भीती नाही. पण तो दर्जा साचलेल्या पाण्यात गाडी घालण्याचा परवाना नव्हे. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत जसं पाणी शिरलं, तसं तुमच्याकडे शिरू शकत असेल तर आधी मेन स्विच बंद करा आणि गाडी उंचावर हलवा. बुडालेली गाडी स्वतः सुरू करून बघू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. कुठेही बंद पडली तर दोरी बांधून ओढायची नाही. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच मागवा, आणि रोडसाइड असिस्टन्सचा नंबर आजच फोनमध्ये ठेवा.

गावी जाण्याचं काय? पुण्याहून कोल्हापूर २३० किलोमीटर आहे, छोट्या बॅटरीला वाटेत एक-दोनदा थांबावं लागेल. जमतं, पण निघण्यापूर्वी ॲपवर चार्जर चालू आहे का ते बघा आणि वाटेत त्याच्या आधी लागणारा एक पर्याय हाताशी ठेवा. चार्जरवर पोचताना किमान २० टक्के बाकी असू द्या. गणपतीत कोकणात जायचं असेल तर त्या दिवसांत ही गाडी नेऊ नका. चार्जर कमी आणि रांगा लांब असतात. वर्षातून चार-पाच वेळा लांब जायला मोठी गाडी भाड्यानं घेतली तरी त्याचा खर्च वरच्या हिशेबात सहज बसतो. मात्र दर पंधरा दिवसांनी रत्नागिरीला जाणं असेल आणि घरात दुसरी गाडी नसेल, तर सध्या पेट्रोल किंवा सीएनजीच ठेवा, आणि पार्किंगमधला प्लग तेवढा आत्ताच मंजूर करून घ्या. सोसायटीतल्या पहिल्या दोन-तीन जणांना भार सहज मिळतो. पुढे गाड्या वाढल्या की ट्रान्सफॉर्मरची क्षमता, सामायिक चार्जर, वर्गणी असे प्रश्न येतात आणि बैठका लांबतात.